येळवशीची उरलेली भज्जी

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमच्या लातूरकडे रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून शेतात जेवू घालतात. चाकूरच्या अलीकडे मलाही अशीच हाक आली. वाढणारी बाई कोण, हे मी विचारलं नाही. तिलाही माझं नाव विचारायला सवड नव्हती. बेसन लावून शिजवलेली मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आदली रात्र जागून सगळा स्वयंपाक तिनंच केला होता. डोळे सुजले होते. पंगतीतून फिरताना ती मधूनच थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची आणि पुन्हा वाकायची.

ऊन कललं तसे शहरातले पाहुणे रिकामे डबे घेऊन उठले.

"वहिनी, भज्जी भरा की."

तिनं पातेल्यात पळी फिरवली, वास घेतला आणि झाकण ठेवलं.

"न्हाई. रातीची शिजलेली हाय, दिसभर उन्हात बसली. बाजरीचे उंडे न्या, शेंगा न्या."

"येळवशीला कुणी नाही म्हणतं का?" पाहुणीनं गाडीचं दार आपटलं. वाढणाऱ्या बाईची सासू तोंड फिरवून बसली.

पातेलं जड होतं, म्हणून मी एक कडी धरली. बांधापलीकडच्या खड्ड्यात तिनं भज्जी ओतली आणि बराच वेळ बघत राहिली.

"पाहुणे रुसले," मी म्हणालो.

"रुसू द्या, भाऊ. रुसायला बी माणूस धडधाकट लागतंय."

मग पातेलं उपडं घालून ती बांधावर टेकली आणि पदरातला कोरडा उंडा मोडून खाऊ लागली. सकाळपासून तिचं जेवण झालंच नव्हतं.