चिमणीला हाक

गंगावेशीजवळच्या त्या गल्लीत कृष्णात गवळ्याची हाक ओळखीची नाही असा माणूस सापडायचा नाही. गडी तसा अबोल. घरात बायकोशी दिवसाकाठी दहा शब्द बोलला, तर सण म्हणायचा. पण गोठ्याच्या दारात उभं राहून त्यानं ‘ये गं चिमणेऽऽ’ अशी हाळी दिली की चार घरं सोडून निजलेली पोरंही दचकून उठत. चिमणी ही त्याची म्हैस. नाव चिमणी, आणि शिंगं एवढी लांब की तिच्यापायी गोठ्याचं दार हातभर रुंद करावं लागलं.

दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस मागं. इतरांच्या म्हशींना मागून दोघा-चौघांनी हुसकावावं लागे. चिमणीला कृष्णातची हाक पुरे. ढोल असो, गर्दी असो, हाक कानावर पडली की बाई शेपूट उभारून निघाल्याच. नऊ पाडवे ती अशी पळाली. शेजारी चेष्टा करत, “कृष्णाता, बायकूला अशी हाक मारली असतीस तर सोन्याचा संसार झाला असता की!” त्याची बायको शालनही हसायची. तिला त्यात काही खोटं वाटत नसे.

चिमणी विशीला टेकली. दूध कधीच आटलं होतं. ‘विकून टाक’ म्हणणाऱ्यांना कृष्णातनं उत्तर दिलं नाही आणि चहाही दिला नाही. मग या श्रावणात तिचे मागचे पाय गेले. डॉक्टर स्नेहल दहा दिवस येऊन सलाईन लावत होत्या. अकराव्या दिवशी त्यांनी स्पष्टच सांगितलं.

“मामा, आता ही बरी होणार नाही. फार सोसतेय. शांतपणे जाईल असं इंजेक्शन देऊ या.”

“जाईल कशी? रोज सकाळी उठती की ती,” कृष्णात म्हणाला, आणि खात्री पटवायला त्यानं तिथंच हाक मारली.

चिमणीचे कान ताठ झाले. पुढचे गुडघे फरशीवर रोवून तिनं अंग उचललं. अर्धी उठली, मागचे पाय घसरले आणि धाडकन पडली.

“बगा,” कृष्णात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

डॉक्टर तिच्या गुडघ्यांकडं बघत होत्या. कातडं सोलून मांस दिसत होतं. शालन हळदीची वाटी घेऊन खाली बसली.

“तिला उठायचं न्हाय,” ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली. “तुमी बोलवताय म्हणून उठती. रोज गुडघं फोडून घेती आन् मी रोज हळद भरतो. आन् तुमी म्हणताय, बरी हाय.”

रोज सकाळी ज्या उठण्यावर कृष्णात आशा धरून होता, ते उठणं आपणच तिच्याकडून करवून घेत होतो, हे त्याला आता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो डॉक्टरांना म्हणाला, “उद्या या, ताई.”

दुसऱ्या दिवशी गल्लीला हाक ऐकू आली नाही. कृष्णात उजाडताच मुकाट गोठ्यात शिरला आणि चिमणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला. शालननं तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा तोंडापाशी धरला. तिनं तो नुसता हुंगला.

डॉक्टरांनी आधी गुंगीचं औषध दिलं. दुसरी सुई भरता भरता त्या हळूच म्हणाल्या, “मामा, तिला अजून ऐकू येतंय. काही बोलायचं असेल तर बोला.”

कृष्णातनं तोंड उघडलं. वीस वर्षांत तिच्याशी बोलायला त्याच्यापाशी तेवढी एक हाकच होती. ती ओठांवर आली असती, तर या बाईनं पुन्हा उठायची धडपड केली असती.

चिमणीनं कान त्याच्याकडं वळवला होता. कृष्णातनं दात-ओठ आवळून धरले, डोळ्यांतलं पाणी तिच्या तोंडावर पडू दिलं, आणि तो कान सैल पडेपर्यंत तो तसाच गप्प बसून राहिला.