तिहोमिरसाठी चांगली कॉफी

निम्म्या चादरींना इस्त्री करून स्तोयांकाने बाकीच्या तशाच टाकल्या. नवऱ्याचा फिल्म क्लबातला मित्र रादिशा यायच्या आत कॉफीचं पाणी करून ठेवायचं होतं.

फोनवर त्याने बजावलं होतं, "वहिनी, पाण्यात विरघळणारी भुकटी आणा, सगळ्यात स्वस्त. फिल्म धुवायचीय, प्यायची नाहीये."

बाटली आणलेली होती. फळीवर होती.

तिहोमिर, तिचा नवरा, सर्बियातल्या लेस्कोवाकच्या सूतगिरणीत फिटर. सुटीच्या दिवशी मात्र फिल्म क्लबचा. याच स्वयंपाकघरात तो फिल्म विकतच्या रसायनाऐवजी कॉफीत धुवायचा, तिच्याच शिवणाच्या सुईने त्यावर रेघा ओढायचा. कितीतरी वर्षं एकच चित्रपट चालला होता, गिरणीतल्या कॉफीचा. पूर्वी बाया मशीन थांबवून बसायच्या, कॉफी उकळायच्या, एकमेकींच्या कपातल्या गाळावरून भविष्य वाचायच्या. नव्या मालकाने कॉफीचं यंत्र थेट सुताच्या चात्यांशेजारी आणून ठेवलं, कुणी जागचं हलू नये म्हणून. तिहोमिरही उभ्याउभ्या पीत राहिला. वसंतात, दुसऱ्या पाळीच्या मध्यावर, त्याचं हृदय थांबलं.

आयुष्यभर माणूस कॅमेऱ्याच्या मागे. घरात त्याचा धड फोटो नाही. शेवटच्या, अजून न धुतलेल्या रिळात तेवढा तो समोर होता: बंद मशीनपाशी, उलट्या खोक्यावर बसून, सावकाश कॉफी पिताना. कॅमेरा स्तोयांकाच्या हातात.

"कळ दाब आणि हलू नकोस. जमेल ना?"

"तुझ्याशी संसार जमवला, हे नाही जमणार?"

तो हसला, ते त्यात आलं असणार.

आणि आता, इतक्या महिन्यांनी, फिल्मवरून का होईना, माणूस घरी येतोय, तर त्याच्यापुढे ती भुकटी ठेवायची? या घरात मीटर वाचायला येणाऱ्यालाही ती कुणी दिली नव्हती. स्तोयांकाने ताजे दाणे दळले, तांब्याच्या भांड्यात उकळी आणली, गाळून घेतलं. देवाच्या तसबिरीपुढचा दिवा लावला आणि भांड्यावर क्रूसाची खूण केली.

रादिशा आला, त्यात सोडा आणि व्हिटॅमिनची पूड घातली. असा काही वास सुटला की कॉफी कुठली ते देवालाच कळावं. अंधाऱ्या डब्यात फिल्म धुऊन झाली, पक्की करून झाली. त्याने ती खिडकीपाशी उलगडली.

फिल्म काचेसारखी नितळ, चित्रच नाही. एका जागी फुंकरीएवढा डाग. कपाची कड असेल, नसेलही.

"वहिनी, ती बाटली..."

"उघडलीच नाही," तिने फळीकडे बोट केलं. "आपली घातली. चांगली."

रादिशा स्टुलावर बसला. "चांगल्या कॉफीत तेवढा जोर नसतो हो."

"परत धुतली तर?"

"नाही, वहिनी."

मग तो हळूच म्हणाला, "तिहोमिर असता तर म्हणाला असता, बायकोने एवढी चांगली कॉफी मला कधी पाजली नाही."

"असता तर," स्तोयांका म्हणाली, आणि फिल्म हातात घेऊन तिने ती पुन्हा गुंडाळली, कडेला बोट लागू न देता, तिहोमिर शिकवायचा तशी.

शनिवारी तिहोमिर गेल्याची सहामाही प्रार्थना. त्याआधी खांबांवर, चर्चच्या दारावर त्याच्या नावाचे श्रद्धांजलीचे कागद लावायचे होते, वर चेहरा हवाच. तिने कपाटातून गिरणीचं ओळखपत्र काढलं. शिक्का नेमका फोटोतल्या हनुवटीवर मारलेला. त्याच्यावर बोट फिरवून तिने ते पिशवीत टाकलं, डोक्याला रुमाल बांधला.

"चला, रादिशा. छापखाना दुपारी बंद होतो. हे छापायला द्यायचंय."