मायदेवांचा पुरवणी अहवाल

प्रभाकर मायदेवांची गाडी ताशी दोनशे साठ किलोमीटर धावते. असं तिच्या कागदपत्रांत लिहिलं आहे आणि मायदेवांचा कागदावर विश्वास आहे. कोलकात्यातल्या गरियाहाटच्या चौकात हीच गाडी ताशी अकरा किलोमीटरने जाते, तेही पुढचा मासेवाला पाटी सांभाळत बाजूला झाला तर. गडद निळी, जमिनीला पोट लावून बसलेली, सुरू केली की शेजारच्या तीन इमारतींतली कुत्री उठून उभी राहतात अशी ही गाडी. ती घेऊन मायदेव रोज सकाळी बालीगंजच्या बाजारात कोथिंबीर आणायला जातात. जुडी पुढच्या सीटवर ठेवतात आणि तिला पट्टा लावतात. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय असावी."

हा माणूस दिसायला बारीक, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मूळचे मिरजेचे. सरकारी विमा कंपनीने बदली करून कोलकात्याला पाठवलं आणि ते परत जायचं विसरले. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि मालक खरं बोलतो की खोटं, ते अहवालात लिहायचं. कृष्णचूडेच्या, म्हणजे आपल्या गुलमोहराच्या, झाडावर आपटलो म्हणणाऱ्याच्या बंपरवरून ते नखाने साल काढत आणि शांतपणे सांगत, "हा आंबा आहे."

असल्या माणसाने निवृत्तीनंतर असली गाडी का घ्यावी, हा आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या पोह्यांवर वर्षभर पुरलेला विषय. उत्तर साधं होतं. जन्मभर त्यांनी वेगवान गाड्या पाहिल्या त्या सगळ्या ऑपरेशनच्या टेबलावर. एक तरी धडधाकट पाहावी, एवढीच इच्छा. सॉल्ट लेकच्या एका डॉक्टरने परदेशी जाताना गाडी विकायला काढली आणि मायदेवांनी ती घेतली.

मग पुढचा प्रश्न आला. अशी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यावी की नाही?

त्यांची मुलगी नूपुर न्यू टाउनला एका आयटी कंपनीत आहे. तिचं म्हणणं होतं, "बाबा, ही रस्त्यावर जोरात चालवली तर गुन्हा आणि हळू चालवली तर तिचा छळ. मग चालवायची कुठे?" मंडळाचे खजिनदार म्हणाले, घरात तलवार आहे म्हणून कोणी लढाई शोधत जात नाही. मला कोणी विचारलं नाही, कारण माझी स्कूटर आहे. मायदेवांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि विम्याचं कलम रामरक्षेसारखं म्हणून दाखवलं. शर्यत किंवा वेगाची चाचणी करताना झालेलं नुकसान विम्यात बसत नाही. विषय संपला.

पण तो संपला नव्हता. घोडं अडलं होतं मृणालबाबूंपाशी.

मृणाल घोषाल यांचं बोंडेल रोडजवळ गॅरेज आहे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्याच गाडीचा दावा केला होता. गाडीचं नाक पार चेपलेलं. बकरीला वाचवायला गेलो आणि दुभाजकावर आदळलो, असं त्यांनी लिहून दिलं होतं. मायदेवांनी चाकावरच्या मडगार्डच्या आत हात घातला आणि शेवेसारख्या काळ्या रबराच्या वळ्या बाहेर काढल्या. हे रबर साध्या रस्त्यावर मिळत नाही. ट्रॅकवर टायर तापले की त्याचे असे तुकडे सुटतात आणि मागून येणाऱ्या गाड्यांना चिकटतात. मृणालबाबू गाडी थेट चेन्नईजवळच्या ट्रॅकवर नेऊन आले होते. बकरी काल्पनिक निघाली. दावा फेटाळला, आणि मृणालबाबूंनीही हसून मान्य केलं की बकरी जरा घाईत सुचली.

पण मायदेवांनी त्या अहवालाच्या शेवटी एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं. कोणताही सुज्ञ मालक आपली गाडी अशा ठिकाणी नेणार नाही. मृणालबाबूंनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "मायदेबबाबू, आपण स्वतः कधी गेलायत तिथे?"

मायदेव गेले नव्हते. चौतीस वर्षांत जागा न पाहता लिहिलेलं ते त्यांचं एकुलतं एक वाक्य. पुढे दोघांची दोस्ती झाली. दर शनिवारी गॅरेजात मातीच्या भांड्यातला चहा होऊ लागला. मृणालबाबूंनी तो प्रश्न पुन्हा कधीही काढला नाही, आणि मायदेवांना त्याचाच जास्त त्रास होई. आता दारात तशीच गाडी उभी होती, आणि वाक्य खरं की खोटं हे पाहायला सबब उरली नव्हती. गाडी तिथे मोडली असती तर तिचा दावा त्यांनी स्वतःच फेटाळला असता.

गेल्या हिवाळ्यात चेन्नईजवळच्या त्याच ट्रॅकवर साध्या मालकांसाठी एक दिवस ठेवला होता. शर्यत नाही, ज्याने त्याने आपापली गाडी चालवायची. मायदेव आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांच्या पत्नी मंगलाताई म्हणाल्या, "जाऊन या एकदाचे. बावीस वर्षं ते वाक्य भाताबरोबर चावताय."

गाडी ट्रकवर चढली. चढण्याआधी मायदेवांनी तिच्या चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला. वाटेत कोणी गाडी बदलून दिली, तर हाताशी पुरावा हवा. आम्ही तिघं रेल्वेने गेलो. मंगलाताई साड्यांसाठी आल्या होत्या आणि मी पंच म्हणून.

ट्रॅकवर पंचवीसएक मालक होते, बहुतेक तरुण. अंगात एकसंध रंगीत पोशाख, डोळ्यांवर काळे चष्मे. मायदेवांनी तिथल्या प्रशिक्षकाकडे एकच मागणी केली, गाडी चालवण्याआधी ट्रॅक पायी पाहायचा आहे. साडेतीन किलोमीटर. प्रशिक्षक सज्जन होता, त्याने होकार दिला. मायदेव वही आणि मोजपट्टी घेऊन निघाले. पोरं हसली. पहिल्या वळणावर मायदेव उकिडवे बसले, डांबरावरच्या काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "याने ब्रेक उशिरा दाबला." थोडं पुढे, "हा घाबरला आणि मध्येच सोडला." दुसऱ्या वळणाला चार पोरं त्यांच्यामागून चालत होती, पाचव्याला अकरा. एकजण आपल्याच गाडीच्या खुणा दाखवून भविष्य विचारू लागला. सातव्या वळणावर मायदेव बराच वेळ थांबले. तिथे रस्ता बाहेरच्या बाजूला किंचित उतरतो. "इथे सगळेच चुकतात," ते म्हणाले. प्रशिक्षकाने मान हलवली.

परत येताना ते मला हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत होते. समोरून येणारी बस इथे नाही. फोनवर बोलत रस्ता ओलांडणारं कोणी नाही. सगळे एकाच दिशेने जातात, प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा आहे आणि रुग्णवाहिका इंजिन सुरू ठेवून तयार आहे. "मी तपासलेल्या अपघातांची निम्मी कारणं इथे जागेवरच नाहीत," असं म्हणताना त्यांचा चेहरा उत्तरपत्रिका परत मिळालेल्या मुलासारखा झाला होता.

मग ते बसले, शेजारी प्रशिक्षक. पहिल्या फेरीत मायदेवांनी प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला आणि दोन ठिकाणी हॉर्न वाजवला. त्या ट्रॅकवर हॉर्न ऐकून झेंडेवाला आधी आकाशाकडे बघू लागला. दुसऱ्या फेरीत मागून जोरात गाडी आली, म्हणून त्यांना निळा झेंडा दाखवला गेला. त्याचा अर्थ एवढाच की मागच्याला वाट द्या. हे सकाळी तीनदा सांगून झालं होतं. पण गणवेशातल्या माणसाने हात वर केला की गाडी कडेला घ्यायची, हे कोलकात्याने मायदेवांच्या हाडात भरलं आहे. त्यांनी गाडी कडेला घेतली, पूर्ण थांबवली, काच खाली केली आणि लायसन्स, आरसी, विमा असे सगळे कागद बाहेर काढले. आत प्रशिक्षक काय बोलत होता ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्याचे हात दिसत होते. मंगलाताई म्हणाल्या, "प्रदूषणाचं प्रमाणपत्र पण काढतील आता." ते त्यांनी काढलंच.

तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर मात्र मायदेवांनी पाय दाबला.

मी त्या गाडीला आजवर कोथिंबिरीसाठी पुटपुटताना ऐकलं होतं. तिला असा गळा आहे हे मला माहीत नव्हतं. मंगलाताईंच्या हातातला धपाट्याचा घास तसाच राहिला. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. सहाव्या फेरीत, सातव्या वळणावर, ज्या जागी सगळेच चुकतात असं लिहून घेतलेली वही खिशात असताना, मायदेव चुकले. गाडी मागून सुटली, अर्धी फिरली, बाहेर गेली, आणि मोठा धुरळा उठला. मंगलाताई उठून उभ्या राहिल्या.

धुरळा बसला तेव्हा गाडी वाळूत उभी होती. अशा चुकांसाठीच तिथे ती वाळू पसरलेली असते. ओरखडासुद्धा नव्हता. हीच चूक बालीगंजात झाली असती तर चहाची टपरी गेली असती, टपरीवरचे चौघे गेले असते. मायदेव उतरले, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, मडगार्डच्या आत हात घातला आणि काळ्या वळ्या काढून पाकिटात भरल्या. पाकिटावर तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच टपोरं.

परतल्यावर पहिल्या शनिवारी बाजार उरकून ते मला घेऊन गॅरेजात गेले. चहा यायच्या आत त्यांनी मृणालबाबूंपुढे टाइप केलेला एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, पुरवणी अहवाल. दावा फेटाळण्याचा निर्णय कायम, कारण कलम कलमच आहे आणि बकरी नव्हती. मात्र मूळ अहवालाचं शेवटचं वाक्य जागेची पाहणी न करता लिहिलं होतं. पाहणी आता केली आहे. सबब ते वाक्य मागे घेण्यात येत आहे. खाली त्यांची सही, पंच म्हणून माझी, आणि पुराव्यादाखल रबराचं पाकीट जोडलेलं.

मृणालबाबूंनी चष्मा कपाळावर चढवून कागद दोनदा वाचला. पाकीट उघडून एक वळी बोटांत चुरगळली, वास घेतला.

"सातवं वळण?" त्यांनी विचारलं.

"बाहेर गेलो," मायदेव म्हणाले.

"मीही तिथेच. तेव्हा वाळू नव्हती, भिंत होती."

त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. त्यानंतर तासभर दोघं त्या वळणाआधी ब्रेक नक्की कुठे दाबायचा यावर कडाकडा भांडले. मृणालबाबूंनी बाकावर चहाने ट्रॅक काढला, मायदेवांनी मोजपट्टी काढली. बाहेर उन्हात गाडी उभी होती, आणि पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेली कोथिंबीर पार सुकून गेली.