चार बोटांचं अंतर

भूगोल पाठ करायचा नसतो, वाचायचा असतो, असं मी शिक्षकांच्या बैठकीत ठणकावून सांगायची. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत सहावीची मुलं धडा मोठ्यानं वाचायची, पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवायची आणि पुढं सरकायची. कुणी अडखळलं की माझं डोकं फिरायचं. एक मुलगी मात्र कधीच अडखळली नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेले होते, ती चुलतीकडं राहायची. नकाशाच्या प्रमाणाचा धडा तिनं असा खणखणीत वाचला, की मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी ती हजेरीला नव्हती. मधल्या सुट्टीत चुलती दारात आली.

"पोरीकडं घराची किल्ली राहिली मॅडम, तेवढी द्या."

"ती आलीच नाही आज."

"आसं कसं? सकाळीच तर दप्तर घेऊन निघाली की."

चुलतीला बसवून मी चारी बाजूंना माणसं शोधायला पाठवली. गोदावरी इथून लांब नाही, विहिरी तर जागोजाग आहेत. त्या दोन तासांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते आजही लिहवत नाही.

शेवटी गावातल्याच एका दूधवाल्यानं तिला मोटारसायकलवर बसवून शाळेत आणलं. परळीच्या रस्त्यानं ती एकटीच चालली होती म्हणे. पाय धुळीनं माखलेले. दप्तरात पुस्तकांऐवजी दोन भाकरी आणि आईची शाल.

"कुठं निघाली होतीस?" मी ओरडलेच.

"आईकडं."

"चालत?"

"जवळच तर हाय मॅडम. सोनपेठाहून परभणी एक वीत हाय. तितं आमी एसटीनं जातो. आई तर चारच बोटं हाय."

मला काही कळेना. मग भिंतीकडं लक्ष गेलं. भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता, त्यात परभणी एक वीत. पुस्तकात राज्याचा छोटा नकाशा, त्यात कोल्हापूर चार बोटं. पोरीनं दोन्ही अगदी बरोबर मोजलं होतं. दोन नकाशांचं प्रमाण वेगळं असतं, हे वाक्य तिनं आदल्याच दिवशी एका दमात वाचलं होतं, आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

तिला पाणी पाजलं. मग पुस्तकातल्या चार बोटांचे किलोमीटर आम्ही दोघींनी काढले आणि तेवढं अंतर मी तिला भिंतीवरच्या नकाशाच्या प्रमाणानं मोजायला सांगितलं. सोनपेठावर अंगठा ठेवून ती वीत वीत खाली सरकू लागली. जिल्हा संपला. नकाशाची कड संपली. हात कोऱ्या भिंतीवर आला, मग ती उकिडवी बसली, तरी मोजणं संपेना. तिचा हात फरशीला टेकला तेव्हा ती थांबली.

चुलती काही बोलायला गेली, मी तिला हातानंच थांबवलं.

"मॅडम, आईला सांगू नका."

"तू निघून गेलीस ते?"

"न्हाई. इतकं लांब हाय ते." ती भिंतीकडंच बघत होती. "काल फोनवर लय रडायलती. मी म्हनले, अगं, तू चारच बोटं हायस. तवा कुठं गप बसली."