त्याच्या मनगटाची काच

मिशा काळ्या करणं हे माझं काम होतं. कलपाने नाही, पात्याने. विसावं शतक नुकतंच लागलेलं. धारला आमच्या मालकांचं फोटोचं दुकान होतं आणि दरबारातल्या मानकऱ्यांपासून किराणावाल्यांपर्यंत सगळे तिथे येऊन ताठ बसायचे. फोटो तेव्हा काचेवर निघायचा, आणि काचेवर सगळं उलटं, पांढरं ते काळं नि काळं ते पांढरं. म्हणजे मिशीतला पांढरा केस काचेवर काळी रेघ होऊन यायचा. ती रेघ बारीक पात्याने अलगद खरवडली की छापलेल्या फोटोत माणूस दहा वर्षांनी तरुण. सगळ्या धारमध्ये माझ्याइतका हलका हात कुणाचा नव्हता, आणि हे मी लोकांना सांगायचोही.

मग तो देवासवाला आला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, अंगाने काटकुळा, बोलायला गोड. मालकांनी त्याला माझ्याच हाताखाली दिला. देवासला थोरली पाती नि धाकटी पाती, एका गावात दोन राजे. म्हणून तुला सगळं दुप्पट मिळायची सवय दिसते, असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा आणि ‘दादा’ म्हणायचा. सहा महिन्यांत तो पातं धरायला शिकला. वर्षभरात गिऱ्हाइकं त्याचं नाव घेऊन विचारायला लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण तोंडाने मी म्हणायचो, ‘वा भिया, छान.’

त्यातच संस्थानच्या इस्पितळात एक्स-रेचं यंत्र आलं. लोक त्याला भुताचा फोटो म्हणत. माणूस जिवंत, आणि काचेवर त्याचा सापळा. यंत्र चालवायचे डॉक्टरसाहेब, पण काच अंधाऱ्या खोलीत औषधात धुऊन काढायला हात हवा होता, म्हणून त्यांनी आमच्या मालकांकडे माणूस मागितला. मी त्या दिवशी धुतलेला सदरा घालून बसलो होतो. मालकांनी त्याला पाठवला. मला म्हणाले, ‘तुझ्यावाचून दुकानाचं अडेल.’ याला काय म्हणतात ते मला कळत होतं.

त्यानंतर रोज सकाळी इस्पितळाचा टांगा त्याच्यासाठी दाराशी. संध्याकाळी तो येऊन सांगायचा, आज एका शिपायाच्या मांडीतली गोळी दिसली, आज एका बाईच्या तळव्यात मोडलेली सुई. सगळं दुकान त्याच्याभोवती. मी आपला कोपऱ्यात कुणाच्या तरी मिशा उजळत बसलेला. नाही, काळ्या करत. इतका जळायचो की हातातलं कामही धड सुचत नसे. मला त्याचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. फक्त तो तिथे नसावा आणि मी असावं, एवढंच वाटायचं.

तो पडला तो भाद्रपदात. काचा शेवटच्या पाण्यातून काढायला आम्ही बावडीवर जायचो. पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. त्याचा पाय सटकला. डाव्या हातात ओल्या काचा होत्या, त्या त्याने वर उचलून धरल्या आणि सगळा भार उजव्या हातावर घेतला. एक काच फुटू दिली नाही पठ्ठ्याने. झालं, दोन दिवस गावात तेच कौतुक. पडण्यातही हा माझ्यापुढे.

मनगट टम्म सुजलं होतं. डॉक्टरसाहेबांनी त्याचाच फोटो काढला, आणि आता काच धुणार कोण? मला बोलावणं आलं. पहिल्यांदा मी त्या टांग्यात बसलो. तो शेजारी, हात गळ्यात बांधलेला, वेदनेने ओठ पांढरे, तरी मला समजावत होता की औषध किती वेळ हलवायचं. जसं काही मला ठाऊकच नाही.

लाल दिव्यात मी काच धुतली. सुकल्यावर खिडकीशी धरली. एक्स-रेच्या काचेवर बाहेरचं सगळं काळं, मांस करडं आणि हाडं मात्र साफ, नितळ. त्या नितळ हाडावर, मनगटाच्या जरा वर, एक बारीक काळी रेघ होती. केसाएवढी. मिशीतल्या पांढऱ्या केसासारखी. मनात आलं, ओरखडा पडला; धुण्याआधी नख लागलं की असाच काळा उमटतो. पहिलीच काच आणि त्यावर माझ्या हातचा ओरखडा. डॉक्टरसाहेब म्हणणार, त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी खिशातून पातं काढलं. चार-पाच वेळा फिरवलं असेल. रेघ गेली.

डॉक्टरसाहेबांनी काच उजेडात पाहिली. ‘फार स्वच्छ आली आहे,’ ते म्हणाले, ‘इतकी स्वच्छ आजवर आली नव्हती. हाड शाबूत आहे. नुसतं मुरगळलंय. शेक द्या, चोळा.’ ‘इतकी स्वच्छ’ हे ऐकायला मी वर्षभर तळमळलो होतो. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

त्याला चोळायला एक पहिलवान यायचा. तिळाचं तेल लावून तो मनगट असं दाबायचा की याचं ओरडणं बाहेर रस्त्यावर ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी सूज वाढली. बोलावं का, असं मनात आलं. पण दाराशी टांगा उभा होता, माझ्यासाठी. म्हटलं, उद्या सांगू. उद्याही टांगा आलाच. असे वीस-बावीस दिवस गेले आणि हात वाकडाच राहिला. बोटं मिटेनात. पातं सोडा, त्याला पेन्सिलही धरता येईना.

गणपती कधीच उठले होते, दसरा तोंडावर होता, तेव्हा त्याने देवासला परत जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी तो दुकानात आला आणि मला म्हणाला, ‘दादा, सगळ्यांची हाडं पाहिली, माझीच राहिली. ती काच दाखव ना.’ इस्पितळातून काचा कागदावर छापायला आमच्याकडे यायच्या, तीही आलेली होती. नाही म्हणायला कारण सापडेना. दिली काढून.

त्याने ती डाव्या हाताने खिडकीशी धरली. आधी आरपार पाहिली, जशी डॉक्टर पाहतात. मग तिरपी केली, जशी आम्ही पाहतो. पातं फिरलेली जागा तिरप्या उजेडात मंद दिसते, चकाकत नाही. हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याने काच मेजावर ठेवली आणि बोटाने ती जागा मोजली, हाडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. तेवढीच. पुढे मांसावर काही नाही.

ओरखडा हाडाच्या काठाशी थांबत नाही. तो पुढे जातो, मांसावर, काळ्यावर, जिथवर नख गेलं तिथवर. काठाशी थांबते ती हाडाचीच चीर. हे त्याला कळलं. आणि मला ते लाल दिव्याच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हाच दिसलं होतं, पातं खिशातून काढायच्या आधी. आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मी वाट पाहत उभा राहिलो. त्याने ओरडावं, मालकांना हाक मारावी, निदान शिवी तरी द्यावी. त्याने काच डब्यात सरकवली, डाव्या हाताने, अगदी जपून, कडा न आपटता.

‘हात हलका आहे तुझा, दादा,’ तो म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडला. मग ट्रंक उचलून गेला.

मला हे असं कधी जमलं नसतं. आणि लाज वाटायच्या आधी, तिथे उभ्या उभ्या, मला पुन्हा त्याचा हेवाच वाटला.