पावडरवाल्यांच्या घरची मांजरं

किस्से सुक्या बोंबलांसारखे असतात. डब्यातून एक काढायला जावं तर शेपटीला शेपटी अडकून चार बाहेर येतात, आणि मग घरभर वास! आमच्या टोळीचे किस्से तर इतके साठलेत की आता डब्याला झाकण लागत नाही. हसायला बरे आहेत. पण सांगून झाल्यावर आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही, एवढं खरं.

चौघं म्हणजे मी, सावे, घरत आणि मेहेर. पंचाहत्तर सालच्या आसपास आम्ही हिवतापाच्या फवारणीवर होतो. पालघर, बोईसर, मनोर, जिथे पाठवतील तिथे सायकलीला पंप, बादली आणि नळी बांधून जायचं. लोकांना सामान बाहेर काढायला लावायचं आणि घरात भिंतींवर डीडीटीचं पाणी मारायचं. टोळीचा मुकादम मी. काम झालं की दारावर गेरूने तारीख लिहायची, तो मानही माझा. लोक आम्हाला 'पावडरवाले' म्हणायचे. पुढे आणखी एक नाव पडलं, ते येईलच.

आता चौघंही रिटायर. परवा आमच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "राऊतकाका, बोईसरला चोऱ्या किती वाढल्यात! आमच्या ओळखीत अल्सेशियनची पिल्लं आहेत, एक आणू का तुम्हाला? ती मांजरं मेली काय कामाची?"

मी म्हटलं, "नको."

"अहो, पण का?"

हा 'का' आम्हा चौघांनाही लोक विचारतात, कारण चौघांच्याही घरी मांजरं आहेत आणि कुत्रा एकाकडेही नाही. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं. घरत म्हणतो, "कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं. मी जन्मभर फिरलोय, आता जरा बसू दे!" मेहेर म्हणतो, "कुत्रा मागतो, मांजर चोरतं. मागणाऱ्याला नाही म्हणायची मला लाज वाटते." सावे काहीच म्हणत नाही. त्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही सांगतो.

*

बोईसरला तेव्हा कारखाने नुकते येत होते. एका बड्या साहेबांच्या बंगल्यावर आमची फवारणी. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "धीरे से जाना भैया, अंदर साहब का कुत्ता है."

आत गेलो तर गालिच्यावर वासराएवढा कुत्रा! आम्हाला बघून तो उठला. सावे सगळ्यांच्या पुढे, हातात नळी. तेवढ्यात साहेबांच्या बाई आतून कडाडल्या, "सिट!"

कुत्रा उभाच राहिला. सावे खाली बसला!

नुसता बसला नाही, चांगली मांडी घालून बसला! बाई हसल्या, वॉचमन हसला, आम्ही तर पंप टाकून पोट धरलं. पुढे वर्षभर दुपारी डबे उघडले की कोणीतरी ओरडायचंच, "सावे, सिट!"

एकदा पालघरच्या बाजारात सावे दिसला. मी लांबूनच आरोळी ठोकली, "सावे, सिट!" बरोबर त्याची सहा-सात वर्षांची मुलगी होती, ते मला दिसलं नाही. तिला वाटलं कोणी मोठे साहेब बापाला रागावतायत. ती घाबरून म्हणाली, "बाबा, बसा ना लवकर."

सावे त्या दिवशी हसला नाही. मी त्याची माफी मागायला हवी होती. त्या मुलीचं लग्न होऊन तिला मुलं झाली, अजून मागितलेली नाही.

*

घरतला कोळगावला कुत्रा चावला. पोटरीला. डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. जगला तर सुटलात. मेला तर पोटात चौदा इंजेक्शनं!"

झालं! काम सुटलं की घरत सायकल मारत कोळगावला. कुत्रा उभा आहे का, खातो का, पाण्याला भितो का. तिसऱ्या दिवशी कुत्रा जरा सुस्त दिसला, तर घरतने ग्लुकोजची बिस्किटं नेली. पाचव्या दिवसापासून दूध. स्वतःच्या पोरांना कधी एवढं विचारलं नसेल! दहाव्या दिवशी कुत्रा टुणटुणीत, आणि घरतची पँट कमरेवर राहीना!

कुत्र्याचा मालक म्हणाला, "घेऊन जा याला. तुमचाच झाला हाय आता."

"चावरं कुत्रं घरात कोण घेतो!" असं म्हणून घरत जो निघाला तो परत फिरकला नाही. आम्हाला केवढं हसू! पुढच्या फवारणीला तोच मालक भेटला. म्हणाला, "महिनाभर त्या वेळेला रस्त्यावर जाऊन बसायचा हो. सायकल दिसली की उठायचा."

घरत त्या घरात पंप मारायला आला नाही, बाहेरच थांबला. डबा खाताना एवढंच म्हणाला, "मी माझ्या जिवासाठी दूध पाजलं रे. त्याला वाटलं माया." बिचाऱ्याला फिरायचा कंटाळा वगैरे काही नाही.

*

आता मांजरांचं. ते सांगायला जीभ जड होते, पण आता सुरुवात केलीच आहे.

कुत्रा माणसाचा. हाक मारली की माणसाबरोबर बाहेर येतो आणि फवारणी संपेपर्यंत अंगणात भुंकत बसतो. मांजर घराचं. तुम्ही घर रिकामं करा, ते माळ्यावर चढून बसणार, कोणाच्या बापाला हाती लागणार नाही! मग ओल्या भिंतीला अंग घासणार. आणि जात कमालीची स्वच्छ, त्यामुळे अंगाला लागलेलं सगळं चाटून काढणार. आठ-दहा दिवसांत खेळ खलास. सगळीच मरत नसत, पण मरत. मांजर गेलं की घरात उंदीर.

बायका दारात अडवायच्या. मग आम्ही एक वाक्य तयार केलं, "मांजराला काही होत नाही!" हे आम्हाला वरून कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्या कागदावर नव्हतं. घरं भराभर उरकावीत म्हणून आमचं आम्हीच बनवलं. तापाने माणसं जात होती, फवारणी हवीच होती, ते मी आजही म्हणेन. पण खरं सांगूनही फवारता आलं असतं.

पालघरजवळच्या माहीमला एका कोळणीचं मांजर असंच गेलं आणि उंदरांनी तिची सुकी मासळी फस्त केली. दुसऱ्या फवारणीला ती कमरेला हात लावून दारात उभी. आमचा मेहेर पुढे झाला. तोही कोळ्याचाच, म्हणून बोलायला नेहमी त्यालाच पुढे करायचो.

"मांजराला काय नाय व्हत, आं?"

"नाय होत, मावशी."

"मंग चाट भित!"

मेहेर हसला. तिने त्याची कॉलर धरून त्याला फवारलेल्या भिंतीपाशी नेलं. "हसतोस काय? मांजर चाटतं, तू पन चाट!"

मेहेरने ओठ घट्ट मिटून घेतले. सगळी आळी जमलेली. तशी ती मागे वळून म्हणाली, "बगा गं बायांनो, यानी तोंड मिटलं! माज्या मांजराला कोन सांगनार व्हतं, तोंड मीट म्हनून?"

त्या दिवसापासून माहीमला आमचं नाव पडलं, मांजरमारे. मेहेरने डबा तसाच घरी नेला. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तेच वाक्य म्हणत होतो.

*

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाशी फवारणी आमच्याच गावात आली. मी मुकादम, म्हटलं सुरुवात माझ्या घरापासून! आईने दारातच अडवलं. बहिणीच्या लग्नासाठी घराला नुकताच चुना दिला होता.

"तुझं ते घाणेरडं पाणी माझ्या चुन्यावर मारलंस तर बघ! आणि बायजाचे दिवस भरलेत, ती माळ्यावर आहे!"

बायजा म्हणजे आमची मांजर. आईच्या समोर बोलायची माझी टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर बायजा माझीही लाडकी. मी गुपचूप गेरू घेतला, दारावर तारीख लिहिली आणि टोळीला म्हटलं, "चला पुढे!"

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले आणि नेमके आमच्याच घरात शिरले! त्यांनी भिंतीवर बोट घासलं. बोट पांढरं! वळून माझ्या पाठीवर थाप मारली. "वा राऊत! याला म्हणतात फवारणी! बाकीच्या टोळ्यांना आणून दाखवा हे घर!"

आणि खरंच दोन टोळ्या आमच्या घरचा चुना बघून गेल्या!

संध्याकाळी आम्ही हसून हसून लोळलो. तेव्हा बाकीच्या तिघांनीही कबूल केलं, त्यांच्या घरीही तसंच. बाहेर तारीख, आत पावडर नाही. एकमेकांना टाळ्या दिल्या. मुकादमच असा, म्हटल्यावर काय!

*

त्यानंतर आठच दिवसांनी मनोरच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर गेलो. शेवटचं घर चैतीआजीचं. मुलगा आणि सून वीटभट्टीवर, पाऊस लागला की परतणार. घरात म्हातारी, एक मांजर, आणि आढ्याला टांगलेल्या टोपलीत पेरणीचं नाचणीचं बी. आजी उंबऱ्यात बसली होती, ती उठेना.

"पावडर नाय मारायची. मांजर मरल. मांजर मेलं तं बी उंदीर खातील. बी खाल्लं तं आमी काय पेरू?"

सगळ्या पाड्यात एवढं एकच घर राहिलं होतं, आणि आम्हाला मनोर गाठायचं होतं. मी म्हटलं, "आजी, मांजराला काही होत नाही."

"खरं?"

"माझ्या घरी पण मांजर आहे. माझ्या पण दारावर तारीख आहे. खोटं वाटत असेल तर चल, दाखवतो!"

त्यात एक शब्द खोटा नव्हता. मेहेर पंपात पाणी ओतत होता, त्याने मान वर केली नाही.

आजी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "तुज्या पन घरी हाय, तं मंग मार." भांडी तिने स्वतः बाहेर काढली. मांजराला खूप हाका मारल्या, ते माळ्यावरून उतरलं नाही. आम्ही फवारलं. मी तारीख लिहिली. निघताना तिने आम्हाला लोटाभर पाणी आणि गूळ दिला, तो आम्ही खाल्ला.

दुसरी फवारणी श्रावणात. त्या पाड्यावर जायच्या सकाळी मी बायजाचं एक पिल्लू कापडी पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवलं. घरतने विचारलं, "कोणासाठी रे?"

"चैतीआजीला."

"तिचं मांजर मेलं हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

मी पिशवीचं तोंड जरा सैल केलं आणि पायडल मारलं.

उतारावर सगळ्यांची नाचणी वीतभर वर आली होती. आजीच्या तुकड्यात नुसतं गवत. ती तशीच उंबऱ्यात बसली होती. मी विचारलं, "मांजर?"

"आठ दिस जगलं."

"आणि बी?"

"उंदरांनी खाल्लं. पोरगा नि सून गेली माहीमला, दुसऱ्याच्या वाडीत कामाला."

शिवी नाही, शाप नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी घाईघाईने पिशवीतून पिल्लू काढून तिच्या ओटीत ठेवलं. तिने त्याचं तोंड उघडून दात बघितले, पोट चाचपलं, पाठीवरून हात फिरवला. पिल्लू घुरघुरायला लागलं.

"चांगलं हाय. कुठून आणलंस?"

"माझ्या घरचं आहे, आजी."

"याची आय?"

"आहे ना, घरी आहे."

"जिती हाय?"

मी म्हटलं, "हाय."

आजीने पिल्लू उचललं आणि माझ्या पिशवीत परत ठेवलं. मग ती उठली आणि घरातली भांडी एकेक करून बाहेर काढायला लागली.