परसोंचं पाणी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. बागा आखायचंही शिक्षण असतं, हे बाईंनीच घरी येऊन वडिलांना पटवलं. म्हणून मी हैदराबादेत शिकलो आणि इथंच एका लहानशा ऑफिसात लागलो.

माझ्या एकट्यावर सोपवलेलं पहिलं काम म्हणजे नल्लकुंट्यातल्या एका कॉलनीचं मैदान. पाऊस झाला की तिथं आठवडाभर चिखल आणि डास. कॉलनीच्या अध्यक्षांना सगळीकडे सिमेंट ओतायचं होतं. तसं झालं असतं तर कडेचे जुने कडुनिंब गेले असते आणि पाणी घरांत शिरलं असतं. मी मिनतवारीनं एक पावसाळा मागून घेतला.

“पानी रुका तो सिमेंट,” अध्यक्षांनी बजावलं. “फिर कुछ बोलना नक्को.”

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या खाला दारात बसून सगळं बघायच्या. एकदा म्हणाल्या, “परसों तो यां इत्ता पानी था, बच्चे तैरते थे.”

परवा? परवा तर कडक ऊन होतं. म्हणजे पाण्याचा पाइप फुटला असणार! मी माणसं लावून कडेनं खणायला घेतलं. पाइपाभोवतीची माती कोरडी ठणठणीत. शेवटी खालांनाच विचारलं, “खाला, परसों कित्ते बजे?”

ओढणी तोंडाला लावून, मला वेड्यात काढत त्या हसत सुटल्या. “हौला है क्या बेटा? मेरी शादी के टाइम की बात है!”

खणती बघायला आलेले अध्यक्षही हसले. हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे होऊन गेलेला कुठलाही काळ, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे इथं तळं होतं! तेलुगूत ‘कुंटा’ म्हणजे तळंच की. वस्तीचं नाव मी रोज बसच्या पाटीवर वाचत होतो. पाणी आपल्या जुन्या जागी येत होतं.

मी आराखडा बदलला. भर टाकून सपाट करायचा सखल कोपरा उलट आणखी खोल केला. तळाशी दगडगोटे आणि वाळू घातली, वर वाळा लावला, पायवाट उंचावरून नेली.

जुलैतल्या एका दुपारी पाऊस धो धो कोसळला. कोपरा काठोकाठ भरला. अध्यक्ष छत्रीखालून बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर कोपऱ्यात नुसती ओली माती, आणि पायवाटेवर बायका गप्पा मारत फिरत होत्या.

“सिमेंट कॅन्सल,” अध्यक्ष म्हणाले. “मगर मच्छर हुए तो तुमकूच बुलाता.”

कडुनिंबाखाली बसलो आणि तिथंच बाईंना पत्र लिहिलं.

“आदरणीय बाई, सा. न.

मैदान मातीचंच राहिलं. पाणी जिरलं, झाडं वाचली. किती दिवसांनी आज नीट झोप लागेल. घरी अजून कळवलं नाही. चिखल राखायचा पगार मिळतो, असं वडिलांना वाटेल. तुम्हीच समजावून सांगा. कोपऱ्यात बेडूक आलेत. अध्यक्षांना अजून ठाऊक नाही.

आपला विद्यार्थी.”